रजिस्ट्रेशन-सर्टिफिकेट काढून देणाऱ्या कन्सल्टंटने किती घेतले आणि नक्की कशाचे? अनुभव लिहा

भोसरीत छोटं वर्कशॉप आहे माझं. शेजारच्या गाळ्यातल्या काकांना फोन आला, तुमचं उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) एक्सपायर होतंय, रिन्यूअलचे २७०० आजच भरा नाहीतर नंबर बंद, आणि काकांनी भरले. अरे उद्यम २०२० पासून सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे आणि त्याला रिन्यूअल हा प्रकारच नाही!! फार चीड आली. तुम्हाला कोणी कसं गंडवलं ते लिहा, नावं नकोत, आकडे मात्र लिहा.

---

काकांना लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार करायला सांगा, ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा.

---

घरगुती मसाले करते, इचलकरंजी. फूडचं बेसिक रजिस्ट्रेशन, माझ्या वेळी सरकारी फी वर्षाला १०० रुपये. बिलात एकच ओळ, "गव्हर्नमेंट फी व प्रोसेसिंग ४५००". वेगळं करून द्या म्हटलं तर "ताई, सिस्टिममधून तसं निघत नाही". चलन दाखवल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही म्हणून अडून बसले, तेव्हा संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. १०० रुपयांचं, एका वर्षाचं. मला पाच वर्षांचं सांगितलं होतं.

---

मी अशाच एका ऑफिसात कॉलिंगला होते म्हणून सांगते, रेटकार्ड असं नव्हतंच. आधी गोड बोलून टर्नओव्हर काढून घ्यायचा आणि त्यावर आकडा ठरवायचा. ट्रेडमार्कला पहिला भाव १८ हजार, समोरचा गप्प झाला की "सरांशी बोलून बघते" म्हणून फोन म्यूट, मग ११, आणि वर "हा रेट आज सहापर्यंतच". सर वगैरे कोणी नसायचं. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला एका क्लासची (म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गाची) ऑनलाइन सरकारी फी ४५०० आहे हे स्वतःहून सांगायचं नाही अशी सक्त ताकीद. पुढे ट्रेडमार्क ऑफिसकडून ऑब्जेक्शन आलं की उत्तराचे वेगळे पैसे, तेही सुरुवातीला बोलायचं नाही. बचत गटाच्या बायका कर्ज काढून भरायच्या, ते ऐकवेना, सोडली नोकरी.

---

सीए आहे. सगळ्यांना एका माळेत ओवू नका प्लीज. जीएसटी नंबरला सरकारी फी शून्य, पण भाडेकरार, लाइट बिल, संमतीपत्र नीट लावायचं, क्वेरी आली तर कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं, यात वेळ जातो, त्याचे पैसे मी घेतो आणि बिलात "प्रोफेशनल फी" असंच लिहितो. सरकारी फीच्या आड स्वतःची फी लपवणं ही सरळ फसवणूक आहे.

---

आयएसओ ९००१ (कामाच्या गुणवत्ता व्यवस्थेचं सर्टिफिकेट), "दोन दिवसांत, ऑडिटची कटकट नाही". भावाच्या कंपनीने घेतलं, टेंडरच्या छाननीत बाद. आयएसओ ही मानकं ठरवणारी संस्था स्वतः सर्टिफिकेट देतच नाही, देणाऱ्या बॉडीला एनएबीसीबीसारखी (अशा बॉडींना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) मान्यता आहे का ते पैसे देण्याआधी साइटवर तपासा.