शेडचं माप अवजार जोडलेल्या ट्रॅक्टरवरून काढा

ट्रॅक्टर-अवजारांच्या दुरुस्तीच्या शेडला २० बाय २० फूट पुरे, त्यात ट्रॅक्टर मावतो, असं म्हणतात. मावतो हे बरोबर. पण दुरुस्तीला तो बहुतेकदा रोटाव्हेटरसकट (मागे जोडायचं, माती भुसभुशीत करणारं अवजार) येतो. लांबी १५-१६ फुटांवर जाते. भोवती जॅक लावायला, पाना फिरवायला ४ फूट तरी मोकळे हवेत. शिवाय भिंतीलगत कामाचं टेबल. त्यामुळे माझ्या मते ३० बाय २५ धराच.

दार १२ फूट रुंद, तोंड पूर्वेला. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. पश्चिमेला दार ठेवलं तर झड थेट यंत्रांवर येते. वेल्डिंग दाराशीच करा, लांब लोखंडी अँगल बाहेर काढता येतात आणि धूर कोंडत नाही. कडबा आणि डिझेलचे कॅन मात्र या छपराखाली नकोतच, कितीही जागा उरली तरी! कोबा करण्याआधी वायरिंगचे पाइप टाकून घ्या.