मदत हवी आहे: मुलीला इंग्रजी ॲडव्हर्ब कसं समजावू?

नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. परवा तिने निबंधात 'आय वर्क्ड हार्डली' लिहिलं, बाईंनी खाली लाल रेघ मारली आणि तिला कळेचना काय चुकलं, कारण मीच सांगितलं होतं की विशेषणाला 'ली' लावला की ॲडव्हर्ब होतं, स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, मग हार्डचं हार्डली का नाही? डिक्शनरी काढली तर हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! म्हणजे मेहनत केली सांगायला गेली आणि काही केलंच नाही असं लिहून आली. नियम माझा होता म्हणून जास्तच लागलं.

मॅनर, प्लेस, टाइम, फ्रिक्वेन्सी, डिग्री हे प्रकार पाठ आहेत तिचे, मराठीतल्या रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचकशी जुळवते पण. घोडं अडतं ते शब्द कुठे ठेवायचा तिथे. आपण 'तो नेहमी उशिरा येतो' म्हणा नाहीतर 'तो उशिरा येतो नेहमी', चालतं. इंग्रजीत 'ही ऑलवेज कम्स लेट' पण 'ही इज ऑलवेज लेट', हे कसं काय? आणि 'शी सिंग्ज गुड' तर किती वेळा सांगितलं तरी लिहितेच.

प्रतिसाद १:
ताई, गुडचं मूळ मराठीत आहे. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', आपल्याकडे विशेषणच ॲडव्हर्बचं काम करून जातं, वर लिंगही बदलतं, त्यामुळे मुलं सरळ गुड उचलतात. तिला विचारायला लावा, 'कशी' आहे की 'कसं' गाते? कसं असेल तर वेल.
ऑलवेज, ऑफन, नेव्हर हे ॲम-इज-आर-वॉज-वेअरच्या नंतर, बाकी क्रियापदांच्या आधी, आणि दोन क्रियापदं असली तर मधे, 'ही हॅज नेव्हर सीन इट'. हार्डसारखंच लेट आणि लेटली, अर्थ वेगळे. फास्टला तर ली लागतच नाही, आणि फ्रेंडली, लव्हली ही ली असून विशेषणं आहेत.

धागाकर्ती:
खूप आभार, 'कशी की कसं' आत्ताच वहीत लिहून दिलं. अजून एक, ओन्लीचं काय? आपला 'च' ज्या शब्दाचा त्यालाच चिकटतो, 'रविवारीच भात खाते', पण 'आय ओन्ली ईट राइस ऑन संडेज' मधे ओन्ली भाताचा की रविवारचा?