स्टेजिंग, प्रॉडक्शन आणि बिझनेस रूल: मराठी शब्द हवेत

मीठभाकर: एका दूध संघाच्या बिलिंग सॉफ्टवेअरची पुस्तिका मराठीत करतोय. वाक्य साधंच आहे, बिझनेस रूल्स, म्हणजे दर कसा कापायचा वगैरे सॉफ्टवेअरमधले नियम, स्टेजिंग सर्व्हरवर तपासून मग प्रॉडक्शन सर्व्हरवर, म्हणजे जिथे खरी बिलं निघतात तिथे न्यायचे. मी लिहिलं 'व्यवसाय नियम उत्पादनात हलवा'. ते वाचून संकलन विभागातले एक काका थेट पनीर सेक्शनला गेले आणि तुमचे कुठले नियम बदलले म्हणून विचारायला लागले, कारण त्यांच्याकडे उत्पादन म्हणजे पनीर, श्रीखंड, लस्सी. रूल होता गायीचं दूध ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) खाली आलं की पॉइंटमागे दर कापायचा, त्याचा पनीरशी काय संबंध? तर तिन्हींना शब्द सुचवा.

झब्बू: चाचणी सर्व्हर आणि चालू सर्व्हर. विषय संपला.

मीठभाकर: नाही हो, टेस्ट सर्व्हर वेगळा आहे, चाचणी तिथे वापरून झालं. स्टेजिंग म्हणजे हुबेहूब प्रॉडक्शनसारखं, तीच सेटिंग, तसाच डेटा, फक्त तिथे कापलेले पैसे कुणाचे खरे कापले जात नाहीत.

पारिजात: मग ती रंगीत तालीमच की! कपडे, मेकअप, लाइट सगळं खऱ्या प्रयोगासारखं, तिकीट काढलेला प्रेक्षक तेवढा नाही. प्रॉडक्शन म्हणजे प्रयोग. अस्सल मराठी शब्द घरात असताना उसने कशाला आणायचे?

झब्बू: ताई, तालीम अरबी आहे.

पारिजात: असेल, रुळलाय ना पण. सावरकरांनी महापौर शब्द दिला, आज बातमीत कोणी मेयर लिहितं का?

रात्रपाळी: आम्ही दिवसभर 'प्रॉडवर टाक' एवढंच म्हणतो. पण ते 'हलवा' आधी काढा. हलवलं म्हणजे मूळ जागी काही उरत नाही, इथे रूल स्टेजिंगवर राहतोच, त्याची प्रत वर जाते. 'चढवणे' म्हणा, गडबड झाली की 'उतरवणे'. आणि गडबड होते. मी एकदा रूलमध्ये संकलन केंद्राचा आयडी थेट लिहून ठेवला होता, स्टेजिंगवर १७ म्हणजे आमचं ट्रायलचं केंद्र, प्रॉडवर १७ भलत्याच गावाचं. रूल चढला, एरर नाही काही नाही, आणि त्या गावाचा दर गुपचूप दोन दिवस कापला जात होता. बिल निघायच्या आत सापडलं म्हणून वाचलो.

पारिजात: चढवणे हिंदी वाटतं.

रात्रपाळी: का, कढई चुलीवर चढवत नाही तुम्ही?

पारिजात: ठेवतो. कढई ठेवतो.

आप्पा_रंकाळा: आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल माती, नाहीतर फुटबॉल. पाटाकडील तालीम मंडळाचं नाव ऐकलं असेल. शाळेत पहिल्यांदा रंगीत तालीम ऐकलं तेव्हा मला वाटलं आखाड्याला रंग दिलाय, बघायला निघालो होतो.

झब्बू: आप्पा, दोन्ही तालमी एकच. मूळ अर्थ शिकवणे. अंमलबजावणी पण शुद्ध नाहीये बरं का, अंमल अरबी आणि बजावणीतलं 'बजा' फारसी. शुद्धवाल्यांनी सरकारी जीआर कसा काढायचा?

पारिजात: 'शुद्धवाले' म्हणायची गरज नव्हती.

मीठभाकर: रंगीत तालीम लिहिलं तर काका विचारतील गॅदरिंग आहे का. आणि बिझनेस रूल राहिलाच. 'व्यवसाय नियम' वाचून त्यांना दुग्धव्यवसाय आठवतो, म्हणजे गोठा किती फुटी असावा वगैरे.

झब्बू: धंद्याचे नियम.

पारिजात: शी.

आप्पा_रंकाळा: शी काय त्यात? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं दूधधंदाच केला, व्यवसाय म्हणालेलं कधी ऐकलं नाही. पहाटे चारला म्हशीची धार काढणारा माणूस व्यवसाय कशाला म्हणेल?

रात्रपाळी: आप्पा, म्हशीला ६ फॅट ना?

आप्पा_रंकाळा: ६ आणि ९. आमची साडेसात द्यायची.