वृद्धाश्रम सोडायला मुलाची सही लागते का? आणि डिपॉझिटचं काय?

बोरिवलीकर (प्रश्न)
मावशी ७६ वर्षांची. डोकं शाबूत, फक्त गुडघ्यांमुळे वॉकर लागतो. उपनगरातल्या एका ट्रस्टच्या सशुल्क वृद्धाश्रमात राहते, महिन्याला २२,००० रुपये. आता तिला डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे जायचंय. ऑफिसवाले म्हणतात, भरती मुलाने केली, सोडतानाही त्याचीच सही हवी. मुलगा परदेशात आहे, फोन उचलत नाही. दीड लाख डिपॉझिट भरलंय. फॉर्मवर 'परत मिळणार नाही' असं छापलंय. आधार, पासबुक, एटीएम कार्ड ऑफिसच्या कपाटात. सुरुवात कुठून करू?

पोचपावती
मुलाची सही लागत नाही. सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाने कुठे राहायचं हे त्याचं तोच ठरवतो. प्रवेश अर्जावर सही केली म्हणून मुलगा आईचा कायदेशीर पालक होत नाही.

अर्ज मात्र मावशींनीच करायचा, तुम्ही नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: भाचा अर्ज देतो आणि संस्था 'आम्ही त्रयस्थाशी बोलत नाही' म्हणून हात वर करते. साध्या कागदावर दोन प्रती. 'मी स्वतःच्या मर्जीने अमुक तारखेला संस्था सोडत आहे, सोबत अमुक व्यक्ती येईल', खाली सही आणि तारीख. करारात महिन्याची नोटीस लिहिली असेल तर तोवरचे पैसे मागतील. पण नोटिशीचा हिशेब पैशांपुरता, त्यासाठी माणसाला थांबवून ठेवता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

शक्य असेल तर त्याच आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडून चार ओळी लिहून घ्या, की त्यांना वेळ, स्थळ, माणसं नीट ओळखू येतात आणि त्या स्वतःचे निर्णय घेऊ शकतात. 'त्यांना काही कळत नाही' हा संस्थेचा शेवटचा पत्ता असतो, तो आधीच काढून घेतलेला बरा.

एवढं करूनही ठरल्या दिवशी गेट उघडलं नाही, तर ११२ लावा. माणसाला मर्जीविरुद्ध अडकवून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे, आणि बिल थकलंय हे त्याला कारण होत नाही. थकबाकी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत.

ग्राहक-पंचनामा
डिपॉझिटबद्दल. 'परत मिळणार नाही' असं छापल्याने विषय संपत नाही. पैसे घेऊन निवास, जेवण आणि शुश्रूषा देणं ही ग्राहक कायद्यातली सेवाच आहे, मग चालवणारा ट्रस्ट का असेना.

आधी लेखी हिशेब मागा: डिपॉझिटमधून काय वजा केलं, कोणत्या पावतीवर. डायपर, आया, रुग्णवाहिका हे आकडे 'इतर खर्च' या एकाच ओळीत कोंबलेले असतात. ती ओळ फोडून मागा. बिलावर जीएसटी लावलाय का तेही पाहा. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेला ट्रस्ट ६० वर्षांवरच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० पर्यंत घेत असेल, तर त्यावर जीएसटी माफ आहे. मावशींचे २२,००० त्यात बसतात.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवर. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग, हे भरलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे मावशी डोंबिवलीला गेल्या की ठाणे जिल्हा चालेल.

एक खाचखळगा: तक्रारीत 'अनुचित करार' हा मुख्य मुद्दा करू नका. त्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, जिल्ह्याला तो अधिकार नाही. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असं मांडा.

ट्रस्टच्या कारभाराबद्दल वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात तक्रार होते. पण डिपॉझिट वसूल करून देणं हे त्यांचं काम नाही, त्या आशेवर महिने घालवू नका.

बोरिवलीकर
खूप आभार. कोणी म्हणालं, बांद्र्याला कलेक्टर ऑफिसात ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणाकडे जा. आणि कार्डांचं काय?

शाखा-काउंटर
न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याखालचं. ते मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देतं (महिना १०,००० पर्यंत), वृद्धाश्रमाविरुद्ध नाही. उद्या मुलाने हातच वर केले तर मावशींनी तिथे अर्ज करावा. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो.

कार्डांसाठी त्याच अर्जात एक ओळ घाला: 'माझी मूळ कागदपत्रं आणि एटीएम कार्ड परत मिळावीत', सोबत यादी. पिन ऑफिसात कुणाला माहीत असेल तर कार्ड मिळायची वाट न बघता आजच ब्लॉक करायला लावा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल तर अंगठ्यावर पैसे निघतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवेसाठीही शाखेत विचारा.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चुकवू नका. पत्ता बदलल्यावर मतदार यादीसाठी फॉर्म ८.

पोचपावती
वाचणाऱ्या इतरांसाठी: हे सगळं निर्णयक्षमता शाबूत असलेल्या माणसाबद्दल. डिमेन्शिया पुढच्या टप्प्यात असेल तर वाट वेगळी. १८९० चा पालकत्व कायदा अल्पवयीनांपुरता आहे, म्हणून प्रौढाच्या पालकत्वासाठी नातेवाइकांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

आणि बोरिवलीकर, निघताना औषधांचा चार्ट आणि शेवटच्या तपासण्यांचे रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. नंतर ते मिळायला फार वेळ जातो, आणि डोंबिवलीच्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी लागतील.