सर्फिंगच्या पहिल्या धड्याआधी जमिनीवरची तयारी सक्तीची असावी का?

लाटवेडा (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईहून शुक्रवारी रात्रीची बस पकडायची, शनिवारी सकाळी गोव्यात आश्वे किंवा मोरजीला उतरायचे, नाश्ता उरकून लगेच बोर्ड हातात घ्यायचा आणि रविवारी रात्री परतायचे, अशा रीतीने सर्फिंग शिकणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. आठवडाभर संगणकासमोर बसून त्यांची पाठ आखडलेली असते, खांदे पुढे आलेले असतात आणि रात्रीची झोप बसच्या खुर्चीत झालेली असते. अशा शरीराकडून ते दोन तास पालथे पडून, मान उचलून, हातांनी पाणी मागे सारण्याचे काम करून घेतात. त्यातले काही खांदा धरून परततात आणि पुढच्या वेळीही तसेच जातात.

छायाचित्रे पाहून सर्फिंग म्हणजे लाटेवर उभे राहणे असे वाटते. मात्र स्पर्धेतल्या सर्फरांच्या वेळेची मोजमापे झाली आहेत, त्यांनुसार पाण्यातला साधारण निम्मा वेळ पॅडलिंगमध्ये, म्हणजे पालथे पडून हातांनी बोर्ड पुढे नेण्यात जातो, उरलेल्यातला बराचसा वाट पाहण्यात जातो आणि लाटेवर असण्याचा वाटा शंभरात चार ते आठ इतकाच भरतो. म्हणजे हा खेळ मुख्यतः खांद्यांचा आणि पाठीचा आहे, आणि तो पूर्वतयारीशिवाय खेळू देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

माझे मत असे आहे की सर्फिंग शिकवणाऱ्या शाळांनी सहा आठवड्यांची तयारी सक्तीची करावी आणि ज्याला सलग दोनशे मीटर पोहता येत नाही किंवा दहा जोर नीट मारता येत नाहीत, त्याला बोर्ड देऊच नये. यासाठी महागडी जिम लागत नाही. भवानराव पंतप्रतिनिधींनी औंध संस्थानातल्या शाळांमध्ये रुजवलेले सूर्यनमस्कार आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घातले आहेत. त्यातल्या भुजंगासनात छाती जशी उचलली जाते, जवळपास तशीच ती पॅडलिंग करताना धरावी लागते. आणि टेकवलेल्या तळहातांच्या मध्ये पाऊल पुढे आणण्याची जी हालचाल आहे, तिचाच वेग वाढवला की पॉप-अप, म्हणजे पालथ्या स्थितीतून झटक्यात बोर्डवर उभे राहणे, साधतो.

किनारकर

मी किनाऱ्यावर शिकवतो आणि या सक्तीला माझा स्पष्ट विरोध आहे. दुखापत टाळायची असेल तर ती कशाने होते हे आधी पाहिले पाहिजे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात तेराशेहून अधिक सर्फरांनी आपल्या दुखापती नोंदवल्या होत्या. अचानक झालेल्या दुखापतींपैकी ४२ टक्के कापल्याच्या जखमा होत्या, स्नायू ताणणे किंवा सांधा मुरगळणे १२ टक्के होते; आणि कारण पाहिले तर निम्म्याहून अधिक, ५५ टक्के, दुखापती स्वतःच्याच बोर्डचा मार लागून झाल्या होत्या. दहा जोर काय, शंभर जोर मारणाऱ्याच्या कपाळावरही बोर्डखालची फिन (कल्ल्यासारखे पाते) बसली तर टाके पडणारच.

नवशिक्याची नेहमीची चूक कमरेएवढ्या पाण्यात होते. तो बोर्ड आडवा, म्हणजे स्वतःच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरून चालतो. लाट फुटते, बोर्ड मागे ढकलला जातो आणि थेट बरगड्यांवर किंवा तोंडावर आदळतो. बोर्ड बाजूला ठेवून त्याचे टोक लाटेकडे करायचे, एवढे शिकवले की हा धोका बराच कमी होतो. पडताना डोके पुढे करून सूर मारायचा नाही, अंग पसरून उथळ पडायचे, वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरायचे आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, कधीही बोटांना गुंडाळायची नाही. हे सारे वाळूवर अर्ध्या तासात शिकवता येते आणि दुखापत टाळणारे खरे प्रशिक्षण हेच आहे. शिवाय तमिळनाडूतल्या महाबलीपुरम्, कोवलम् इथल्या मच्छीमार वस्त्यांमधली मुले कोणत्या तयारीच्या वर्गाला गेली होती? दहा जोरांची अट घातली तर पन्नाशीतली बाई किनाऱ्यावरूनच परत जाईल, आणि मोठ्या मऊ बोर्डवर अशा बायका उत्तम उभ्या राहतात हे मी नेहमी पाहतो.

फिजिओताई

आपण दोघेही अर्धाच भाग पाहत आहात. किनारकरांनी दिलेले आकडे अचानक होणाऱ्या दुखापतींचे आहेत. महिनोन्‌महिने साचत जाणारे खांद्याचे, मानेचे आणि कमरेचे दुखणे त्यांत दिसणार नाही, कारण त्याला घटना नसते आणि तारीखही नसते. पॅडलिंगमध्ये हात आतल्या बाजूला फिरवणारे स्नायू सतत काम करतात, बाहेरच्या बाजूला फिरवणारे मागे पडतात आणि मग हात डोक्यावर नेताना खांदा चिमटल्यासारखा दुखू लागतो. यावर जोर हा उपाय नाही; त्यात पुन्हा छातीचेच स्नायू राबतात. रबर बँड दाराच्या कडीला बांधावा, कोपर कुशीला टेकवून नव्वद अंशांत वाकवावे आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूला न्यावा. हा व्यायाम दिसायला किरकोळ आहे, पण नियमाने केला तर खांद्याला फार उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २००४ साली हवाईतल्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्या विकाराला ‘सर्फर्स मायलोपथी’ हे नाव मिळाले. हा विकार प्रामुख्याने पहिल्यांदाच सर्फिंग करणाऱ्यांना होतो. त्यात काही आदळलेले नसते, कोणी वाईट पडलेलेही नसते. बराच वेळ पालथे राहून पाठ मागे वाकवून धरल्यामुळे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होतो, असे मानले जाते. आधी पाठ दुखते, मग थोड्याच वेळात पाय बधिर आणि अशक्त होतात, लघवी अडते. काही जण बरे होतात, काहींचे पाय कायमचे जातात. विकार दुर्मीळ आहे, पण वाळूवरच्या अर्ध्या तासात मला हा इशारा कुठेच ऐकू येत नाही.

लाटवेडा, इथेच आपल्या सूर्यनमस्कारांविषयी मला शंका आहे. खुर्चीत बसणाऱ्याचा पाठीचा वरचा भाग ताठरलेला असतो, त्यामुळे भुजंगासनात आणि बोर्डवरही सगळा बाक कमरेत येतो. आधी टॉवेलची गुंडाळी फऱ्यांखाली आडवी ठेवून, गुडघे वाकवून उताणे पडावे आणि वरचा भाग मोकळा करावा, भुजंगासन त्यानंतर. पाण्यात उतरायच्या सकाळी तर भुजंगासनाचा मारा करूच नये.

खोलपाणी

मला एवढेच म्हणायचे आहे की जोरांची अट काढली तरी पोहण्याची काढू नका. लीश तुटते. बोर्ड गेला आणि समुद्राकडे खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे लागते, तेही श्वास न गमावता. तरणतलावातले दोनशे मीटर मला कमीच वाटतात.

लाटवेडा

ताई, भुजंगासनाविषयीची सूचना मला पटली. किनारकर, आपण दिलेले मच्छीमार मुलांचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. ती मुले लहानपणापासून समुद्रात वाढली, त्यांनी होड्या ढकलल्या, जाळी ओढली आणि लाट अंगावर घेतच ती मोठी झाली. त्यांची तयारी सहा आठवड्यांची नव्हती, सगळ्या बालपणाची होती. खुर्चीवर वाढलेल्या पस्तिशीच्या माणसाला त्यांचा दाखला कसा लागू होईल? आणि पडण्याचे जे तंत्र आपण शिकवता, तेही दमलेले शरीर विसरते. हात भरून आले की माणूस बोर्ड कसाही धरतो.

किनारकर

दमल्यावर तंत्र सुटते हे खरे आहे, पण त्यावर उपाय लवकर बाहेर काढणे हा आहे. पहिला धडा एका तासात संपवला आणि दर दहा मिनिटांनी बोर्डवर उठून बसायला लावले, तर खांद्यालाही विसावा मिळतो आणि ताईंनी सांगितलेला कमरेचा ताणही मोडतो. हे मी करीन. पाठ दुखू लागली किंवा पायांना मुंग्या आल्या की ताबडतोब पाण्याबाहेर, त्या दिवशी पुन्हा बोर्ड नाही, आणि बधिरपणा असेल तर सरळ रुग्णालयात, हेही वाळूवरच्या धड्यात घालीन. सहा आठवड्यांचा दाखला मात्र मागणार नाही. जो सुट्टीत एकदाच येणार आहे, त्याला तो मिळवणे शक्य नसते आणि मग तो समुद्र न ओळखणाऱ्या एखाद्या भाड्याने बोर्ड देणाऱ्याकडे जातो.

फिजिओताई

एकदाच येणाऱ्यासाठी हे मला मान्य आहे. दर महिन्याला येणाऱ्यासाठी नाही. त्याच्या खांद्यावरचा भार दर खेपेला वाढत जातो आणि मधले तीन आठवडे तो काहीच करत नाही. अशांना तरी दुसऱ्या खेपेआधी विचारा की पाठीमागे दोन्ही हातांची बोटे जुळतात का, आणि हात डोक्यावर नेताना दुखते का. दुखत असेल तर त्या दिवशी पॅडलिंग नको. तुम्ही पाण्यात उभे राहून बोर्ड ढकला आणि त्याला फक्त लाटेवर उठू द्या.

किनारकर

दुखण्याचा प्रश्न विचारीन. बोटे जुळवण्याची परीक्षा घेणार नाही. जुळत नसूनही वर्षानुवर्षे बिनदुखापत खेळणारे माझ्यासमोर आहेत.