कार्डाची सगळी थकबाकी फिटली, आता कार्ड बंद करू की राहू देऊ?

सातपूरकर_ताई
नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. जुनं २०१४ चं, लिमिट दीड लाख, वर्षाची फी ९९९ अधिक जीएसटी. दुसरं २०२३ चं रुपे, लिमिट ६० हजार, फी नाही, ते यूपीआयला जोडलंय, त्यामुळे किराणा, पेट्रोल, औषधं सगळं त्याच्यावरच, महिन्याला साधारण २५ हजार होतात आणि ते दर महिन्याला पूर्ण भरते.

जुन्या कार्डावर वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मोठी रक्कम गेली होती, मग मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, तेवढीच भरत भरत रेटत नेलं, महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर वर १८ टक्के जीएसटी, कितीही भरा आकडा हलायचाच नाही. यंदाच्या दिवाळी बोनसमधून एकदाचं शून्यावर आणलं. आता मला ते कार्ड घरात नकोच वाटतं. मिस्टर म्हणतात बंद करून टाक, ऑफिसमधली मैत्रीण म्हणते बंद केलंस की सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर, पडणार. आणि पुढच्या वर्षी नाशिकमध्येच फ्लॅट घ्यायचा विचार चाललाय, म्हणजे होम लोन लागणारच. तारीख कधी चुकलेली नाही, निदान मिनिमम तरी वेळेत गेलंय. काय करावं?

ठाणे_स्लो_लोकल
ताई आधी अभिनंदन, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाणारं व्याज फेडून बाहेर पडणं सोपं नाही.

माझं मत, आत्ता बंद करू नका. कारण साधं गणित आहे. तुमचं एकूण लिमिट २ लाख १० हजार, वापर २५ हजार, म्हणजे १२ टक्के. जुनं कार्ड गेलं की लिमिट उरतं ६० हजार आणि वापर तोच २५ हजार, म्हणजे थेट ४२ टक्के. खर्च एक रुपयानेही वाढला नाही तरी सिबिलच्या रिपोर्टमध्ये तुम्ही जास्त उधारीवर चालताय असं दिसतं. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळेच सांगतात, ते याच्यासाठीच. शिवाय २०१४ चं म्हणजे तुमचं सगळ्यात जुनं खातं.

फाईल_टेबल
मी बरीच वर्षं होम लोनच्या फाईली बघितल्यात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

वरच्यांचं गणित बरोबर आहे पण जुन्या खात्याची भीती लोकं जरा जास्तच घालतात. कार्ड बंद केलं म्हणून त्याचा इतिहास लगेच पुसला जात नाही, वेळेवर भरलेले हप्ते पुढे बरीच वर्षं रिपोर्टमध्ये दिसतात. खरा फटका लिमिट कमी होण्याचा, आणि तोही कायमचा नसतो. पण होम लोनच्या तोंडावर तो कशाला घ्यायचा? स्कोअर जरा खाली गेला की काही बँका व्याजदराचा वरचा टप्पा लावतात, आणि २० वर्षांच्या कर्जात पाव टक्कासुद्धा खूप होतो, त्यापुढे ११७९ रुपये फी काहीच नाही. म्हणून लोन सँक्शन होऊन पैसे बिल्डरला गेले की मग खुशाल बंद करा.

आता जास्त महत्त्वाचं. शून्य झालं म्हणताय ते स्टेटमेंट बघून म्हणताय की ॲप बघून? व्याज रोजच्या रोज चढत असतं, त्यामुळे स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं. शंभर दोनशे रुपये असतात, माणूस बघत नाही, त्यावर लेट फी लागते आणि इतकी वर्षं सांभाळलेला रेकॉर्ड तेवढ्यासाठी खराब होतो. पुढची दोन स्टेटमेंटं खरोखर शून्याची येईपर्यंत थांबा.

आणि रिपोर्ट काढून बघा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, कर्जाची नोंद ठेवणाऱ्या या चार कंपन्या, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुम्ही पूर्ण रक्कम भरलीये, बँकेशी कमी रकमेवर तडजोड केलेली नाही, त्यामुळे तिथे 'सेटल्ड' असा शब्द कुठेही दिसता कामा नये. दिसला तर लगेच तक्रार टाका, फाईलवर बसलेला माणूस हा शब्द सगळ्यात आधी बघतो.

कराडची_पोर
सगळे स्कोअर स्कोअर करतायत, मला वेगळं सांगायचंय. ताईंनी लिहिलंय की कार्ड घरात नको वाटतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. कार्ड हातात असलं की पुन्हा वापरलं जाईल अशी मनात धाकधूक असेल तर बंद करा, स्कोअर काही महिन्यांत सावरतो, पण दीड लाखाची थकबाकी पुन्हा डोक्यावर आली तर होम लोनचा हप्ता कुठून भरणार? माझ्या आत्तेभावाचं असंच झालं, फक्त स्कोअरसाठी म्हणून ठेवलेलं कार्ड लग्नात बाहेर आलं.

मधला मार्ग हवा असेल तर बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद करता येतात, पूर्ण कार्डच ऑफ करता येतं. कार्ड आईकडे ठेवायला द्या.

सातपूरकर_ताई
खूप आभार सगळ्यांचे. मोह व्हायची भीती नाहीये खरं तर, तेव्हाही आजारपण होतं म्हणूनच वापरलं होतं. फक्त फी जिवावर येते. आणि वर्षभर नुसतं पडून राहिलं तर चालतं का? दुसऱ्या कार्डाचं लिमिट वाढवून घेतलं तर?

फाईल_टेबल
एक वर्षाहून जास्त अजिबात वापरलं नाही तर बँक तुम्हाला कळवते आणि ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर स्वतःच बंद करू शकते. म्हणून तीन चार महिन्यांनी एखादं मोबाइल रिचार्ज मारा आणि स्टेटमेंट आलं की पूर्ण भरा.

फीसाठी कस्टमर केअरला फोन करून सरळ सांगा की फी माफ होत नसेल तर बंद करायचंय. बरेचदा फी उलटी देतात किंवा बिनफीच्या कार्डात बदलून देतात, फक्त जुनं खातं तेच राहणार ना हे विचारून घ्या. दुसऱ्याचं लिमिट दीड लाख झालं तर २५ हजार म्हणजे १७ टक्केच होतात, मग जुनं गेलं तरी फरक पडत नाही. पण लिमिट वाढवायची विनंती आत्ताच करा, लोनचा अर्ज टाकायच्या आधी ऐन वेळी नको, कारण काही बँका त्यासाठी सिबिल तपासतात आणि ती चौकशी रिपोर्टला दिसते.

ठाणे_स्लो_लोकल
हे मान्य, लिमिट वाढलं तर माझा आक्षेप संपला.

पनवेल_पॉइंट
बंद करायची वेळ येईल तेव्हाचं सांगते, कारण लोकं तिथेच अडकतात. आधी त्या कार्डावर काय काय आपोआप कापलं जातं ते शोधा, ओटीटी, विम्याचा हप्ता, फास्टॅग, सगळं दुसरीकडे हलवा. रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, कार्ड बंद झालं की बहुधा ते गेलेच. मिस्टरांच्या नावाचं ॲड-ऑन, म्हणजे याच खात्यावरचं जोडकार्ड, असेल तर तेही बंद होणार. जास्तीचे पैसे भरले गेले असतील तर ते बँकेने खात्यात परत द्यायचे असतात.

मग ईमेल किंवा ॲपमधून विनंती टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. शाखेत या, पोस्टाने पत्र पाठवा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमात बँकेला तसा आग्रह धरता येत नाही. काही बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायलाच हवं, नाही झालं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. हे मेलमध्ये एका ओळीत लिहिलं तरी काम पटकन हलतं असा माझा अनुभव आहे. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

काही बाकी नाही असं नो ड्यूज पत्र मागून घ्या, ते घराच्या कागदांबरोबर ठेवा, आणि दीड दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आलंय का बघा.

सातपूरकर_ताई
ठरलं मग. या आठवड्यात दुसऱ्याचं लिमिट वाढवायला टाकते आणि फीसाठी फोन करते. जुन्याचं पुढचं स्टेटमेंट १८ तारखेला येतंय, त्यात व्याज किती निघतंय ते इथेच कळवते.