ट्वायलाइट तेव्हा आणि आता: तुमचे अनुभव लिहा

पानवेल
भाचीच्या हातात 'ट्वायलाइट' दिसलं, स्टेफनी मेयरची ती व्हॅम्पायरच्या प्रेमकथेची कादंबरी, आणि हॉस्टेलचे दिवस आठवले. पहिला भाग २००५चा, पण आमच्यापर्यंत पोचला २००८ला सिनेमा आला तेव्हा. सगळ्या मजल्यात मिळून एकच प्रत, मधली पानं सुटलेली. दिवे बंद झाले की टॉर्च. आणि आम्ही झाडून सगळ्या त्यातल्या व्हॅम्पायरवर, एडवर्डवर, फिदा.

भाचीकडून मागून चारही भाग परत वाचले. माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. एडवर्ड आता डोक्यात जातो. नायिकेला, बेलाला, पत्ता नसताना रात्री खिडकीतून आत येऊन तिला झोपलेली बघत बसायचं! तिसऱ्या भागात, 'इक्लिप्स'मध्ये, तर ती जेकबकडे, तिच्या लांडगा होणाऱ्या मित्राकडे, जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो. आम्ही याला काळजी म्हणायचो. तरी पुस्तक खाली ठेवलं का? नाही. वर्गात तो शेजारी बसून तिच्याकडे कसा बघतो, एवढ्यावर ही बाई पानंच्या पानं लिहिते आणि आपण मुकाट वाचतो. हे कसब आहे, नावं ठेवणाऱ्यांनी चार पानं लिहून दाखवावीत.

या वेळी जीव जडला तो बेलाच्या बापावर. चार्ली. गोष्ट घडते त्या फोर्क्स गावचा पोलीस चीफ, लेकीशी दोन वाक्यं बोलायची पंचाईत. रस्त्यावर बर्फ गोठलेलं, तर हा भल्या पहाटे उठून तिच्या ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधून ठेवतो. सांगत काहीच नाही. शाळेत पोचल्यावर तिची नजर टायरकडे जाते आणि घसा दाटून येतो. लगेच ती व्हॅन घसरत येते, एडवर्ड हाताने थोपवतो, आणि बाप गेला बाजूला. विशीत हा परिच्छेद मला दिसलाच नव्हता बहुतेक.

तुमचं काय?

पावसाळी_ढग
साखळ्या!!! अगं मी पण!! पूर्ण मालिकेत तो एकच माणूस शहाणा आहे. मुलांना आणायला जातेय, आल्यावर लिहिते

टीम_जेकब_आजन्म
माझं मत सोपं आहे. जेकबवर अन्याय झाला. तीन भाग त्या पोराला झुरवलं आणि चौथ्यात काय, तर बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशी त्याचं 'इंप्रिंटिंग', म्हणजे बघताक्षणी जन्माची गाठ. मी पुस्तक मिटून पलंगाखाली सरकवलं होतं. शेवट बहिणीने सांगितला.

उंटावरची_शहाणी
आणि त्या बाळाचं नाव! बेलाची आई रेने अधिक एडवर्डची मानलेली आई एस्मी, झाली रेनेस्मी. मधलं नाव एडवर्डचा मानलेला बाप कार्लाइल अधिक चार्ली, म्हणजे कार्ली. दोन्हीकडच्या आजीआजोबांना खूश करायचा प्रकार सगळीकडे सारखाच 😂

अर्धवटराव
मी वाचलेलं नाही, वाचणारही नाही. उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर म्हटल्यावर आमचा नमस्कार. पण २०१२ला शेवटच्या सिनेमाला 'हिच्या'सोबत गेलो होतो. लढाई सुरू, त्या डॉक्टरचं, म्हणजे कार्लाइलचं, मुंडकं उडालं आणि अख्खं थिएटर किंचाळलं. ही माझा दंड धरून, "पुस्तकात असं नाहीये, पुस्तकात असं नाहीये!" मग कळलं, तो सगळा एडवर्डच्या भविष्य दिसणाऱ्या बहिणीने, ॲलिसने, दाखवलेला देखावा. पुस्तकात लढाई होतच नाही म्हणे. नुसती बोलाचाली करून सगळे घरी? आठशे पानांच्या आसपास वाचून?

पानवेल
अर्धवटराव दादा, न वाचता तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लक्षात आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

वाचनखूण
दुसऱ्या भागातली, 'न्यू मून'मधली, ती पानं कोणाला आठवतात? एडवर्ड सोडून जातो आणि पुढे पानावर नुसतं ऑक्टोबर. मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी कोरं. माझी मैत्रीण प्रत बदलून घेऊन आली, छापताना राहिलं म्हणून. दुसरीतही तेच. दुकानदाराने तिला काय सांगितलं असेल देव जाणे.
मला विचाराल तर चारही भागांत लिहिण्याचा कस तिथे लागलाय. प्रेमभंगावर तेव्हा खूप वाचायचे, ते चार शब्द जास्त लागले. (का लागले ते विचारू नका, तो धागा वेगळा.)

उंटावरची_शहाणी
विचारतेय. काढ तो धागा.

सिएटलकर
फोर्क्स खरंखुरं गाव आहे हो. इथून गाडीने साडेतीन-चार तास. पाऊस पुस्तकातल्यासारखाच. बेलाच्या ट्रकसारखा लाल ट्रक उभा करून ठेवलाय, लोक रांगेत उभे राहून फोटो काढतात. सप्टेंबरमध्ये, बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास, उत्सवही असतो. गंमत म्हणजे पहिल्या सिनेमाचं बरंच शूटिंग शेजारच्या ओरेगनमध्ये झालंय.
एक गोष्ट मात्र खटकते. जेकब ज्या जमातीचा दाखवलाय ती, फोर्क्सजवळच्या ला पुशची क्विल्यूट, ही खरी जमात आहे. लांडग्यांपासून आपली उत्पत्ती, ही त्यांची जुनी कथा. व्हॅम्पायरशी वैर वगैरे लेखिकेची भर. मालिकेवर इतरांनी बक्कळ पैसा कमावला, त्यांच्या नावाला कोणी विचारलंही नाही. तिकडे गेलात तर फोटो काढून पळू नका, त्यांच्याबद्दल थोडं वाचून जा.

पावसाळी_ढग
आले. सिएटलकर, हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. पाऊस एवढा असेल तर कपडे कसे वाळवता तिथे?

सिएटलकर
ड्रायर. आणि आशा.

टीम_जेकब_आजन्म
कोणी 'मिडनाइट सन' वाचलंय का? एडवर्डच्या तोंडून आहे ते. घ्यावं का?

वाचनखूण
२०२०चं. त्याचा अर्धवट मसुदा २००८लाच फुटला होता, लेखिका वैतागली आणि बाजूला ठेवून दिलं. एडवर्ड स्वतःला किती कोसतो, याचा कंटाळा येतो मध्ये. पण पानवेल, तुझ्यासाठी एक सांगते. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, बेलाचं येत नाही, हे माहितेय ना? चार्लीचंही त्याला नीट ऐकू येत नाही. अस्पष्ट, धूसर. पोरीने ते बापाकडून घेतलंय.

पानवेल
काय सांगतेस! आता वाचणं आलं. तुझ्याकडे आहे का?

वाचनखूण
आहे. पण आधीची माझी दोन पुस्तकं तुझ्याकडे पडून आहेत, ती परत केलीस तर देते.

पानवेल
एक दिलं होतं तू.

वाचनखूण
दोन. कपाट बघ.